उसनी गोष्ट आणि उसना श्रोता

मुलांसाठीं लिहूं इच्छिणारा लेखक पहिल्या बैठकीलाच एका प्रश्नापाशीं अडतो : विषय कोठून आणावा ? मोठ्यांसाठीं लिहितांना ही अडचण इतकी भासत नाहीं. कारण लेखक स्वतः मोठा असतो आणि आपल्याच मनांतील सुखदुःखें, वादविवाद व आवडीनिवडी यांचा सांठा त्याच्या हाताशीं असतो. मुलाचें मन मात्र त्यानें वीस-तीस वर्षांपूर्वीं मागें टाकलेलें असतें. त्या गांवची वाट त्याला अंधुक आठवते, परंतु वेस ओलांडून आंत शिरतां येत नाहीं. मग तो दोहोंपैकीं एक मार्ग धरतो. एक तर मुलांना काय काय शिकविलें पाहिजे याची यादी करून तींतील एकेका कलमाला गोष्टीचा अंगरखा चढवितो. नाहीं तर इतरांनीं सांगितलेल्या गोष्टी उचलून आपल्या भाषेंत आणतो. दोन्ही मार्ग जुने आहेत, आणि त्यांनीं जाणारांत थोर माणसें होऊन गेलीं आहेत. तरीहि या मार्गांनीं आलेल्या पुस्तकांपैकीं फारच थोडीं मुलांनीं आपलीं म्हटलीं. असें कां व्हावें, याचा शोध कल्पनाशक्तीच्या मीमांसेपेक्षां इतिहासांत घेणें आम्हांस अधिक फलदायी वाटतें. ज्या बालग्रंथांच्या जन्माची हकीकत निश्चितपणें ठाऊक आहे, अशा कांहींना विषय कसे सुचले हें पाहूं लागलें, म्हणजे मराठींतील या शाखेचें एक जुनें दुखणेंहि त्याच उजेडांत दिसूं लागतें.

आरंभ आपल्याकडील सर्वांत प्राचीन उदाहरणापासून करूं. पंचतंत्राच्या कथामुखांत दक्षिणेकडील महिलारोप्य नगराचा राजा अमरशक्ति याची चिंता वर्णिली आहे. त्याला तीन पुत्र, आणि तिघेहि विद्येच्या बाबतींत ठार उदासीन. एकट्या व्याकरणालाच बारा वर्षें लागतात, मग बाकीचीं शास्त्रें केव्हां शिकावयाचीं, असा विचार दरबारांत निघतो. तेव्हां विष्णुशर्मा पुढें येऊन सहा महिन्यांत या मुलांना नीतींत निपुण करण्याची प्रतिज्ञा करतो. हा प्रसंग खरोखर घडला कीं नाहीं, हा वाद येथें गौण आहे. ग्रंथकर्त्यानें आपल्या ग्रंथाचा जन्म कसा कल्पिला, हें महत्त्वाचें. त्यानें विषय निवडून मग श्रोते शोधले नाहींत. तीन कंटाळलेले राजपुत्र आधीं समोर बसविले आणि मग त्यांच्याजोग्या गोष्टी आठवल्या. 'आठवल्या' हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरीत आहों. वानर आणि मगर, बडबडें कांसव यांसारख्या कित्येक कथा बौद्ध जातकांतहि आढळतात. म्हणजे त्या लोकांच्या तोंडीं पूर्वींपासून खेळत असल्या पाहिजेत. विष्णुशर्म्याचें स्वतःचें असें जें आहे, तें गुंफणींत आहे. एक पात्र दुसऱ्याला एखादें वचन ऐकवितें, ऐकणारा तें कसें काय म्हणून विचारतो, आणि त्या प्रश्नांतून नवी गोष्ट उघडते. श्रोत्याचा प्रश्न हीच तेथें कथेची किल्ली आहे. ही रचना ज्यानें केली, त्यानें कधींतरी मुलांना गोष्टी सांगितल्या असल्या पाहिजेत, असें आम्हांस नेहमीं वाटत आलें आहे.

या ग्रंथानें पुढें केलेला प्रवास सर्वश्रुत आहे. सहाव्या शतकांत इराणचा बादशहा खुश्रू अनुशिर्वान याच्या काळीं बुर्झोय नांवाच्या वैद्यानें तो पेहलवी भाषेंत नेला. आठव्या शतकांत इब्न अल्-मुकफ्फा यानें 'कलीला व दिम्ना' या नांवानें त्याचें अरबी रूपांतर केलें. आणि १६७८ सालीं फ्रेंच कवि ला फोंतेन यानें आपल्या नव्या संग्रहांतील बराच भाग पिल्पे नामक हिंदी ज्ञात्यापासून घेतल्याचें मोकळेपणीं कबूल केलें. तात्पर्य, गोष्टी उसन्या घेण्यांत कमीपणा नाहीं. सारें जग त्या उसन्या घेत आलें आहे. प्रश्न एवढाच, कीं घेतलेली गोष्ट सांगतांना समोर कोण बसलेलें असतें ?

हा प्रश्न मनांत ठेवून मराठी मुद्रणाच्या आरंभकाळाकडे वळूं. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत तंजावरास सरफोजी राजांच्या आश्रयानें इसापच्या कथांचें मराठी रूपांतर 'बालबोधमुक्तावली' या नांवानें झालें. त्यानंतर कांहीं वर्षांनीं बंगाल्यांत श्रीरामपूर येथें विल्यम केरी व त्यांचे साहाय्यक वैजनाथ पंडित यांच्या परिश्रमानें सिंहासनबत्तिशी (१८१४) व हितोपदेश (१८१५) हे ग्रंथ मोडी टंकांत छापून निघाले. मराठींतील जुन्या कथाग्रंथांना छापील रूप आलें, ही घटना आनंदाची खरी. परंतु तीं पुस्तकें कोणासाठीं होतीं? कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजांत देशी भाषा शिकणाऱ्या कंपनी सरकारच्या तरुण नोकरांसाठीं. आमच्या घरांत मुलांच्या म्हणून पुढें ज्या गोष्टींची गणना झाली, त्यांचा पहिला छापील वाचक मिसरूड फुटलेला विलायती अंमलदार होता !

पेशवाई १८१८ सालीं बुडाली, आणि चारच वर्षांनीं, १८२२ मध्यें, मुंबईस शाळा काढण्यासाठीं व शाळांना पुस्तकें पुरविण्यासाठीं एक मंडळी स्थापन झाली. शाळा निघाल्या, पण मुलांच्या हातीं द्यावयास मराठी गद्याचें पुस्तक जवळजवळ नव्हतेंच. हें काम सदाशिव काशिनाथ उर्फ बापू छत्रे यांनीं अंगावर घेतलें. छत्रे यांचें आयुष्य १७८८ पासून १८३० पर्यंत अवघें बेचाळीस वर्षांचें. त्यांत त्यांनीं १८२८ या एकाच वर्षीं 'इसपनीतिकथा' आणि 'बाळमित्र' हीं दोन पुस्तकें दिलीं. बखरीचें गद्य होतें, पत्रव्यवहाराचें होतें, टीकाग्रंथांचेंहि होतें. पण आठ-दहा वर्षांच्या मुलानें एकट्यानें बसून वाचावें असें सरळ, स्वच्छ, थोडक्यांत संपणारें वाक्य लिहून दाखविण्याचें काम या गृहस्थांनीं केलें. त्यांच्या ऋणांतून मराठी भाषा कधींहि मुक्त होणार नाहीं.

परंतु 'बाळमित्रा'ची वंशावळ पाहण्याजोगी आहे. जर्मनींत लाइप्झिग येथें क्रिस्तियान फेलिक्स वाइसे या ग्रंथकारानें १७७५ पासून मुलांसाठीं एक साप्ताहिक चालविलें. त्याच्या नांवाचा अर्थच 'मुलांचा मित्र'. बाप, त्याचीं मुलें व घरीं येणारे स्नेही यांचें संभाषण असा त्याचा घाट होता. फ्रान्समधील आर्नो बेर्कें यानें त्याच नांवाचें मासिक १७८२-८३ मध्यें चालविलें आणि वाइसे व इतर जर्मन लेखक यांच्या लेखनाचा त्यांत सढळ हातानें उपयोग केला. बेर्कें याच्या पुस्तकाचें इंग्रजी भाषांतर झालें, आणि तें इंग्रजी पुस्तक छत्रे यांनीं मराठींत आणलें. असा हा मित्र त्रेपन्न वर्षांत चार भाषांतून फिरून मुंबईच्या शाळेंत पोंचला.

वाइसेसमोर लाइप्झिगमधील मध्यम वर्गाचीं कुटुंबें होतीं. आपले वाचक कोणत्या घरांत राहतात, कशाला भितात, कोणत्या खोड्या करतात, हें त्याला ठाऊक होतें. बेर्केंनेंहि फ्रेंच घरांतील मुलांनीं आईबापांसमवेत करावीं म्हणून लहान लहान नाटुकलीं त्यांत घातलीं. सद्गुणी मुलाला बक्षीस आणि हट्टी मुलाला पश्चात्ताप, हा त्या सर्व गोष्टींचा ठराविक शेवट. परंतु तें बक्षीस आणि तो पश्चात्ताप त्या घरांतल्या मुलाला ओळखीचा होता. चार भाषांनंतर पुस्तक आलें तेव्हां त्याबरोबर तें मूलहि आलें. म्हणजे आमच्या छापील बालवाङ्मयाच्या उंबरठ्यावर गोष्टच काय, पण श्रोताहि उसना होता. कोंकणांतल्या किंवा देशावरच्या पोरानें पुस्तक उघडावें आणि आपल्याला उद्देशून कोणी बोलत नसून पलीकडे बसलेल्या कोणा परक्या मुलाला उपदेश चालला आहे, तो आपण आडून ऐकत आहों, असें त्याला वाटावें, अशी ती स्थिति होती. याचा दोष छत्रे यांना देणें अन्यायाचें होईल. शाळा उद्यांवर आली असतां पुस्तक आज पाहिजे होतें, आणि आज तयार होतें तें विलायतेंतलें होतें. पुढें मात्र ती घाई संपली, तरी संवय राहिली.

आणि हें चाललें असतां घरांत काय होतें ? दिवेलागण झाल्यावर, जेवणाची पानें मांडीपर्यंत पोरांना जागें ठेवण्यासाठीं, आजी, आत्या, दळण-कांडण करणारी एखादी म्हातारी गोष्ट सांगत असे. कावळ्याचें शेणाचें घर पावसांत वाहून गेलें आणि तो चिमणीच्या दाराशीं आला. भोपळ्यांत बसून एक म्हातारी लेकीकडून परत निघाली आणि वाटेंत वाघोबा भेटला. नावडत्या राणीचीं मुलें सवतीनें उकिरड्यावर पुरविलीं. राक्षसाचा जीव सात समुद्रांपलीकडच्या पोपटांत होता. या गोष्टींना विषय कोणी सुचविला, हें सांगतां येत नाहीं. परंतु त्या कोणाला सांगितल्या जात होत्या, हें प्रत्येक वाक्यांत दिसतें. चिमणी दार उघडीत नाहीं. कधीं बाळाला न्हाऊं घालते, कधीं त्याला झोंपविते. सांगणारीच्या आणि ऐकणाऱ्याच्या घरांत त्या क्षणीं तेंच चाललेलें असे. नवशिक्षितांनीं या गोष्टींना भाकडकथा म्हटलें. त्यांत ज्ञान नाहीं, भूगोल नाहीं, राक्षस मात्र आहेत. तेव्हां शाळेच्या दाराबाहेरच त्या बऱ्या, असा निकाल झाला.

हा निकाल आमच्याकडे चालू असतां एक चमत्कारिक गोष्ट घडली. मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर हे १८६५-६६ च्या हिंवाळ्यांत दक्षिण महाराष्ट्राच्या दौऱ्यावर निघाले. त्यांची कन्या मेरी फ्रियर बरोबर होती, आणि तिच्या तैनातीला अॅना लिबराता डि सोझा नांवाची आया होती. अॅनाच्या घराण्याचा संबंध गोव्याशीं होता, धर्म ख्रिस्ती होता, आणि तिच्याजवळ आजीनें लहानपणीं सांगितलेल्या गोष्टींचें भांडार होतें. मुक्कामावर करमणूक म्हणून मेरीनें तिला गोष्टी सांगावयास लाविलें, त्या इंग्रजींत टिपून घेतल्या, आणि १८६८ सालीं लंडनला 'ओल्ड डेक्कन डेज्' या नांवानें पुस्तक प्रसिद्ध झालें. त्या पुस्तकांत गोष्टींच्या आधीं अॅनाची स्वतःची जीवनकथाहि तिच्याच तोंडून दिलेली आहे, ही मेरी फ्रियरची न्यायबुद्धि मानली पाहिजे. ज्याचा प्राण पोपटांत आहे असा जादुगार त्या पुस्तकांत आहे, सूर्याबाई आहे, विक्रम राजा आहे. चोवीस वर्षांनीं, १८९२ सालीं, जोसेफ जेकब्ज यानें विलायतेंतील मुलांसाठीं हिंदी परीकथांचा संग्रह केला, तेव्हां त्या जादुगाराची कथा त्यानें याच पुस्तकांतून घेतली.

योगायोग असा, कीं ज्या हिंवाळ्यांत अॅना गोष्टी सांगत होती, त्याच हिंवाळ्यांत, १८६५ च्या डिसेंबरच्या ३० तारखेस, मुंबईच्या कलाशाळेच्या आवारांत रडयार्ड किप्लिंगचा जन्म झाला. त्याची आया पोर्तुगीज रोमन कॅथॉलिक होती, आणि घरांत मीता नांवाचा हिंदु नोकर होता. दुपारच्या झोंपेपूर्वीं हीं दोघें त्याला देशी भाषेंत गोष्टी व गाणीं ऐकवीत. मग कपडे करून आईबापांकडे जातांना, आतां इंग्रजींत बोलावयाचें, अशी त्याला आठवण करून द्यावी लागे. ही हकीकत त्यानेंच १९३७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रांत सांगितली आहे. जनावरांना बोलतें करणाऱ्या या लेखकाची पहिली शाळा कोणती होती, हें यावरून कळतें.

वाचकांनीं या दोन चित्रांवर क्षणभर थांबावें. आमच्या मुलांना शाळेंत लाइप्झिगचा सद्गुणी मुलगा भेटत होता, आणि आमच्या ओसरीवरच्या गोष्टी आयांच्या तोंडून निघून लंडनच्या मुलांकडे चालल्या होत्या. ज्यांच्याजवळ छापखाना होता त्यांना विषय मिळत नव्हते, आणि जिच्याजवळ विषय होते तिला कोणी छापखान्याच्या जवळ फिरकूं देत नव्हतें. बंगाल्यानें हें कोडें आमच्या आधीं सोडविलें. दक्षिणारंजन मित्र मजुमदार यांनीं म्हाताऱ्या बायांच्या तोंडच्या गोष्टी गोळा करून १९०७ सालीं 'ठाकुरमार झुली', म्हणजे आजीबाईची झोळी, हें पुस्तक काढलें आणि त्याला प्रस्तावना रवींद्रनाथांनीं लिहिली.

अर्थांत् ही उपेक्षा आमच्याच वांट्याला आली असें नाहीं. जर्मनींत याकोब व विल्हेल्म ग्रिम या बंधूंनीं लोकांच्या तोंडच्या कथा गोळा करून पहिला भाग १८१२ सालीं छापला, तेव्हां त्यांची दृष्टि भाषापंडिताची होती. पुस्तकाला विद्वत्ताप्रचुर टीपा होत्या. त्याचें इंग्रजी भाषांतर १८२३ मध्यें क्रुकशँकच्या मिस्किल चित्रांसह निघालें आणि मुलांनीं तें उचलून धरलें. तें पाहून ग्रिम बंधूंनीं १८२५ सालीं पन्नास निवडक कथांची लहान, सचित्र आवृत्ति काढली. खरा श्रोता उशिरां सांपडला. परंतु सांपडल्यावर त्यानें पुस्तकाचें रूपच पालटलें.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत इंग्लंडांत जीं बालपुस्तकें निघालीं, त्यांत तर हा श्रोता आरंभापासूनच बसलेला दिसतो. ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च कॉलेजांतील गणिताचा अध्यापक चार्ल्स डॉजसन, म्हणजेच लुइस कॅरोल, हा १८६२ च्या जुलैच्या ४ तारखेस रॉबिन्सन डक्वर्थ या मित्रासह तीन मुलींना घेऊन नावेंतून गॉडस्टोकडे निघाला. लोरिना तेरा वर्षांची, अॅलिस दहा, ईडिथ आठ. मुलींनीं गोष्टीचा हट्ट धरला. आपण नायिकेला सशाच्या बिळांत ढकलून दिलें तेव्हां पुढें काय होणार याची आपल्याला कांहींच कल्पना नव्हती, असें त्यानें पुष्कळ वर्षांनीं लिहिलें आहे. कल्पना नव्हती, पण श्रोते होते. म्हणून अश्रूंच्या तळ्यांतून बाहेर पडणाऱ्या पक्ष्यांत डक्वर्थचें बदक झालें, लोरिनाची लोरी झाली, ईडिथचें गरुडाचें पिल्लूं झालें, आणि डोडो पक्षी तर डॉजसन स्वतःच. मुलींना पाठ कराव्या लागणाऱ्या उपदेशपर कवितांचीहि त्यानें तींत यथेच्छ थट्टा केली. कारण त्या पाठ करण्याचा कंटाळा नावेंतल्या तिघींनाहि सारखाच ठाऊक होता. गोष्ट लिहून द्या, असा आग्रह अॅलिसनें धरला. हस्तलिखित तिला १८६४ च्या नोव्हेंबरांत मिळालें आणि पुस्तक १८६५ मध्यें निघालें.

स्टीव्हन्सनची हकीकत याहून साधी आहे. १८८१ च्या पावसाळी दिवसांत स्कॉटलंडांतील ब्रेमार येथें त्याचा तेरा वर्षांचा सावत्र मुलगा लॉइड घरांत कोंडला गेला होता. चित्रें रंगवितां रंगवितां एका बेटाचा नकाशा तयार झाला, आणि त्या नकाशांतल्या खाड्यांतून व टेकड्यांतून 'ट्रेझर आयलंड'चीं पात्रें डोकावूं लागलीं. रोज एक प्रकरण लिहावें आणि घरांत वाचून दाखवावें, असा क्रम सुरू झाला. स्टीव्हन्सनचे वृद्ध वडीलहि इतके रंगले, कीं खलाशाच्या पेटींत काय काय निघावें याची यादी त्यांनींच करून दिली.

परंतु आमच्या प्रश्नाचें नेमकें उत्तर बियाट्रिक्स पॉटरच्या एका पत्रांत आहे. तिच्या जुन्या शिक्षिकेचा पांच वर्षांचा मुलगा नोएल मूर आजारी होता. त्याला तिनें १८९३ च्या सप्टेंबरच्या ४ तारखेस पत्र लिहावयास घेतलें, आणि आरंभींच कबुली दिली, कीं तुला काय लिहावें हें मला सुचत नाहीं, म्हणून चार सशांची गोष्ट सांगतें. विषय सुचत नाहीं ही तक्रार, आणि तिच्या पुढच्याच ओळींत विषय ! मधल्या जागेंत एक आजारी मुलगा होता, एवढेंच. कांहीं वर्षांनीं तें पत्र परत मागवून तिनें पुस्तक तयार केलें; प्रकाशकांनीं नाकारल्यावर १९०१ च्या डिसेंबरांत स्वतःच्या खर्चानें अडीचशें प्रती छापल्या; आणि १९०२ मध्यें वॉर्न कंपनीनें तें पुस्तक बाजारांत आणलें. लहान हातांना धरतां येईल एवढाच त्याचा आकार असावा, हा हट्ट तिनें शेवटपर्यंत सोडला नाहीं.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. मूल समोर बसविलें कीं गोष्ट आपोआप सुचते काय ? तसें असतें तर प्रत्येक बाप ग्रंथकार झाला असता. शिवाय श्रोता कायमचा जवळ राहतो असेंहि नाहीं. किप्लिंगनें आपल्या 'जस्ट सो स्टोरीज्' मधील कांहीं गोष्टी थोरली मुलगी जोसेफिन हिला सांगितल्या होत्या. शब्द न् शब्द तसाच्या तसा आला पाहिजे, असा तिचा हट्ट असे, आणि त्यावरूनच पुस्तकाला नांव मिळालें. १८९९ सालीं, वयाच्या सातव्या वर्षीं, ती न्यूयॉर्कला न्यूमोनियानें वारली. पुस्तक निघालें १९०२ मध्यें. ऐकणारी नव्हती, पण तिनें लावलेली शब्दांची शिस्त राहिली होती. उलट, ए. ए. मिल्ननें आपला मुलगा क्रिस्टोफर रॉबिन याला त्याच्या खऱ्या नांवानिशीं पुस्तकांत घातलें. त्या कीर्तीचा शाळेंत आपल्याला किती जाच झाला, हें त्या मुलानें पुढें १९७४ सालीं प्रसिद्ध केलेल्या आठवणींत सांगितलें आहे. म्हणून श्रोता हा विषयाची खाण समजून त्याला खणूं लागणें, हेंहि पापच. मुलाकडून घ्यावयाचें तें त्याचें कुतूहल, त्याचा कंटाळा, त्याची भीति आणि त्याचा प्रश्न. त्याचें आयुष्य नव्हे.

आतां पुन्हां मराठीकडे येऊं. छत्रे यांच्यानंतरच्या काळांत उसन्या श्रोत्यापासून खऱ्या श्रोत्यापर्यंतची वाट हळूहळू चालली गेली. अमेरिकन मिशनचें 'बालबोधमेवा' १८७३ मध्यें निघालें. विनायक कोंडदेव ओक यांनीं १८८१ मध्यें 'बालबोध' सुरू केलें, आणि १९१४ सालीं मृत्यु येईपर्यंत, म्हणजे तेहतीस वर्षें, तें सांभाळलें. चरित्रें, कविता, सृष्टिज्ञान यांचा त्यांत नेमस्त पुरवठा असे. ओकांचा वाचक निदान मराठी होता. पण तो शाळेच्या बांकावर ताठ बसलेला होता. वासुदेव गोविंद आपटे यांनीं १९०६ मध्यें मासिक काढलें, त्याचें नांव 'आनंद' ठेविलें. बोधापासून आनंदापर्यंत पोंचावयास आम्हांस पंचवीस वर्षें लागलीं, असें या दोन नांवांवरून म्हणतां येईल.

तरी ज्याला आपल्या श्रोत्यांचीं नांवें, गांवें आणि अंथरुणें ठाऊक आहेत असा लेखक मिळाला तो अंमळनेरास. पांडुरंग सदाशिव साने हे तेथील प्रताप हायस्कुलांत शिक्षक आणि छात्रालयाचे प्रमुख होते. छात्रालयांतील मुलांसाठीं ते स्वतःच्या हातानें लिहून 'छात्रालय दैनिक' काढीत. छापखाना नाहीं, वर्गणी नाहीं. एक शिक्षक लिहितो आणि एका इमारतींतलीं मुलें वाचतात. रोज नवा विषय त्यांना कोठून मिळत असेल ? मुलांच्या खोल्यांतूनच मिळत असला पाहिजे. पुढें १९३३ च्या फेब्रुवारींत, नाशिकच्या तुरुंगांत, अवघ्या पांच दिवसांत त्यांनीं 'श्यामची आई' लिहून संपविली. ती १९३५ मध्यें प्रसिद्ध झाली. पांच दिवसांत पुस्तक झालें याचें लोक नवल करतात. आम्हांस त्याचें नवल वाटत नाहीं. कारण तें पुस्तक त्याआधीं कितीतरी वर्षें ऐकणाऱ्यांच्या सहवासांत मनांत सिद्ध होत होतें. त्याचा घाटहि पाहावा. रात्र झाली, मित्र जमले, श्याम सांगूं लागला : तीच ओसरी, तीच दिवेलागण, जिला शाळेनें शंभर वर्षें बाहेर ठेविलें होतें. आणि छात्रालयांत राहणारीं मुलें म्हणजे आईला घरीं ठेवून आलेलीं मुलें. त्यांना कोणाची गोष्ट हवी असेल, हें ओळखण्यास प्रतिभेइतकीच ममता लागते.

येथवर आल्यावर आम्हांस जें म्हणावयाचें आहे तें थोडक्यांत सांगतां येईल. गोष्ट उसनी चालते. श्रोता उसना चालत नाहीं. विष्णुशर्म्याच्या कथा जुन्या होत्या, अॅनाच्या गोष्टी आजीच्या होत्या, 'श्यामच्या आई'तील प्रसंग कोंकणांतल्या कोणत्याहि घरांत घडण्याजोगे होते. नवेपणा श्रोत्यांमुळें आला.

परंतु यांतून एक अवघड प्रश्न उरतो, आणि तो आम्हां शिकलेल्या घरांनीं स्वतःला विचारला पाहिजे. मराठी बालपुस्तकानें परक्या देशांतला श्रोता सोडला, तेव्हां त्याच्या जागीं कोण आलें ? बहुतांशीं आमचींच मुलें. शहरांतलीं, पुस्तकांचीं कपाटें असलेल्या घरांतलीं. दरवर्षीं दसरा-दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यांतून ऊसतोडीसाठीं साखर कारखान्यांकडे निघणाऱ्या गाड्यांवर जीं पोरें बसलेलीं असतात, त्यांच्या दृष्टीनें आमच्या पुस्तकांतला अभ्यासाच्या टेबलापाशीं बसलेला मुलगा आणि बेर्केंचा फ्रेंच मुलगा यांत काय मोठा फरक आहे ? तेंहि पोर आडूनच ऐकतें. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डीला बालशिक्षणाचें काम आरंभिलें. शहरी बालमंदिराचा सरंजाम तेथें चालणार नाहीं हें त्यांनीं व अनुताई वाघ यांनीं ओळखलें; मुलें शाळेंत येत नाहींत, तर शाळा त्यांच्या अंगणांत नेली, आणि खडे, पानें, शिंपले यांवर शिकवणी चालविली. शिक्षणांत जें त्या दोघींनीं केलें, तें आमच्या बालवाङ्मयांत अद्यापि पुरतें झालेलें नाहीं. त्या अंगणांत गोष्टी नव्हत्या असें थोडेंच आहे ? तेथेंहि कोणी अॅना असते. तिच्यापाशीं जाऊन बसणारी मेरी मात्र आमच्यांतून निघावी लागते, आणि या खेपेला तिनें टिपलेली गोष्ट त्याच अंगणांतल्या मुलाच्या हातीं परत आली पाहिजे.

म्हणून मुलांसाठीं लिहावयाचें आहे, पण विषय सुचत नाहीं, असें कोणी म्हटलें, तर त्याला विषयांची यादी देऊं नये. तूं गोष्ट कोणाला सांगणार आहेस, एवढेंच विचारावें. त्या मुलाचें नांव, त्याच्या घराचा उंबरा, त्याला रात्रीं कशाची भीति वाटते आणि त्याची आई कामावरून केव्हां परत येते, हें जर त्याला सांगतां आलें, तर त्याची बैठक फार वेळ रिकामी राहणार नाहीं. आणि हें सांगतां येत नसेल, तर लेखणी खालीं ठेवून त्यानें आधीं तेवढी चौकशी करून यावी.